पायाळू नातू आणि सिझरचे ऑपरेशन



या अंकात सुरू लागणीच्या खतांच्या मात्रांविषयी लिहायचे आम्ही कबूल केले होते. तो लेख आता पुढील अंकी. कारण असे की ऐन हंगामात, तोडणी प्रोग्राम अंगावर असताना, आम्हाला चार दिवसांची रजा टाकून मुंबईस नायगावला जावे लागले. परत आल्यापासून गटात जाऊ तिथे सभासद पहिला प्रश्न उसाचा न विचारता 'साहेब, पोरीचं सिझर झालं म्हणे, का केलं?' हाच विचारतात. प्रत्येक बांधावर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेले बरे. आम्ही शेतकी पदविकाधारक, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषधपाण्याचा निर्णय डॉक्टरांनाच विचारून करावा. आम्ही जे पाहिले, कन्येने जे सांगितले आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघा ओढून जे समजावले, तेवढेच इथे देतो.

आमची कन्या नायगावात दिली आहे. पाहुणे मूळचे आपल्याच तालुक्यातले. व्याह्यांचे वडील गिरणीत लागले आणि तिथेच राहिले. जुनी चाळ, तिसरा माळा, गॅलरीच्या टोकाला संडास. रिवाजाने पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. परंतु आठव्या महिन्यात सोनोग्राफीत मूल पायाकडून असल्याचे दिसले आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हणून सांगितले. सातव्या-आठव्या महिन्यात बरीच मुले अशी उलटी असतात, पुढे आपणहून फिरतात. दिवस भरेपर्यंत न फिरलेली शंभरात तीन-चारच राहतात. त्यात आमचा नंबर लागला. बाहेरून पोटावर हात फिरवून मूल वळवण्याचा एक उपाय असतो. पाणी कमी असल्याने तो आमच्या बाबतीत जमण्यासारखा नव्हता. तेव्हा एकोणचाळिसावा आठवडा लागला की गुरुवारी सिझर करायचे, असे ठरले.

हे ऐकून गावाकडे आमच्या मातोश्रींनी घर डोक्यावर घेतले. पायाळू मूल म्हणजे भाग्याचे, त्याने लाथ मारली की माणसाची लचकलेली कंबर बरी होते, आणि विजा चमकताना त्याला बाहेर सोडायचे नसते, हे सगळे तुमच्या-आमच्या घरात ऐकलेलेच आहे. मातोश्रींचे म्हणणे असे, की त्यांच्या धाकट्या दिराचा जन्म पायाळूच, सुईणीने घरात केला, पोट फाडायची पाळी कुणावर आली नाही. आम्ही त्यांना त्याच सुईणीच्या हातच्या इतर बाळंतपणांची आठवण दिली नाही. ती आमच्या घरात कुणी बोलत नाही.

गुरुवार यायला अकरा दिवस होते. रात्री नऊच्या सुमारास कन्येच्या पोटातले पाणी फुटले. चाळीतल्या पोरांनी तिला खुर्चीत बसवून तीन जिने उतरवले, टॅक्सीत घातले. साडेनऊला जावईबापूंचा फोन आला, की डॉक्टर आत्ताच ऑपरेशन म्हणतात, कागदावर सही पाहिजे, आजी नको म्हणतात, काय करू? आणि आम्ही, जे सभासदांना माती परीक्षणाचा अहवाल आल्याशिवाय एक पोतेही टाकू देत नाही, ते काय बोललो? 'आम्ही निघतोय. आम्ही येईपर्यंत थांबा.'

इथून नायगाव आठ तासांच्या वाटेवर. मूल उलटे असताना पाणी फुटले, तर नाळ मुलाच्या आधी खाली घसरू शकते. ती दाबली गेली तर मुलाचा रक्तपुरवठा मिनिटांत बंद पडतो. डॉक्टरीणबाईंनी हे नंतर सांगितले तेव्हा आमच्या पायांतले बळ गेले. आठ तास!

थांबले कोणी नाही, हे आमचे नशीब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी सज्ञान आहे, शुद्धीत आहे, सही तिची लागते. नवऱ्याची, सासऱ्याची, बापाची परवानगी कायद्याला लागत नाही. घरच्यांना विचारायचे ते विचारा, पण कागद तिच्यापुढे ठेवते. कन्येने कागद वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. आम्ही साडेदहाच्या गाडीत बसलो होतो. खंबाटकीचा बोगदा लागला तेव्हा फोनची रेंज गेली. बोगद्यातून बाहेर पडलो आणि फोन वाजला. नातू झाला होता. आमची मंडळी पदर तोंडाला लावून शिरवळपर्यंत रडत होती. शेजारच्या प्रवाशाला वाटले, कुणी तरी गेले.

आता आत काय होते ते सांगतो. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात जे चित्र असते त्याच्याशी ते फारसे जुळत नाही.

आधी हातातल्या बांगड्या, गळ्यातले, कानातले सगळे काढून घरच्यांकडे देतात. नखांना रंग असेल तर पुसतात, कारण बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा असतो. हाताला सलाईन लागते. रक्तगट आणि हिमोग्लोबिन आधीच तपासलेले असेल तर वेळ वाचतो. नसेल तर धावपळ. जंतू होऊ नयेत म्हणून ऑपरेशनच्या आधीच एक इंजेक्शन देतात. लघवीसाठी बारीक नळी घालतात. मूत्राशय गर्भपिशवीला अगदी चिकटून असते, ते रिकामे असले म्हणजे त्याला इजा होण्याची भीती कमी.

ठरवून करायचे ऑपरेशन असेल तर किती तास आधी जेवण बंद आणि किती आधी पाणी बंद, हे भूल देणारे डॉक्टर सांगतात. ते तंतोतंत पाळावे. आमच्या कन्येने आठ वाजता भाकरी-पिठले खाल्ले होते. आजेसासूबाई हळूच म्हणाल्या, 'काही खाल्लं नाही म्हणून सांग, नाहीतर रागावतील.' ती मात्र खरे बोलली. भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. पोट भरलेले आहे हे माहीत असले की डॉक्टर तशी औषधे आधी देऊन ठेवतात आणि तयारीत राहतात. खोटे सांगितले तर ते बेसावध राहतात. हे वाक्य सासवांनी विशेष ध्यानात ठेवावे.

भूल बहुधा पाठीत देतात. पाय खाली सोडून, पाठ मांजरीसारखी वाकवून बसायचे, हनुवटी छातीला लावायची आणि हलायचे नाही. कळा चालू असताना हे अवघड जाते. एक सिस्टरबाई खांद्याला धरून उभी असते. सुई बारीक असते. 'मुंगी चावल्यासारखं झालं आणि मग पायांत कोमट पाणी सोडल्यासारखं वाटलं,' असे कन्या म्हणाली. पाच-दहा मिनिटांत छातीखालचे अंग बधिर होते. माणूस जागा असतो, बोलतो, ऐकतो. भूल चढली की नाही हे डॉक्टर गार बोळा लावून, चिमटा काढून खात्री करून घेतात, तोवर हत्यार लावत नाहीत. रक्तदाब एकदम उतरतो, मळमळते, दात वाजेपर्यंत हुडहुडी भरते. हे नेहमीचे असते, घाबरू नये, मात्र लगेच सांगावे. पाठीतल्या या सुईने जन्मभर कंबर दुखते असा आपल्याकडे पक्का समज आहे. डॉक्टर म्हणतात, सुईच्या जागी थोडे दिवस दुखेल. पुढे वर्षानुवर्षे जी कंबर दुखते ती मुलाला घेऊन वाकून बसण्याने आणि लवकर कामाला जुंपल्याने. फार घाईची वेळ असेल किंवा पाठीतली भूल देता येण्यासारखी नसेल, तर पूर्ण झोपवून करतात.

मग छातीसमोर हिरवा पडदा लावतात. आपले पोट आपल्याला दिसत नाही. छेद ओटीपोटावर आडवा, चार-पाच इंचांचा. लोक 'पोट फाडले' म्हणतात, पण फाडाफाड काही नसते. कातडी, चरबी, त्याखालचा चिवट पडदा कापतात. स्नायू कापत नाहीत, ते मधून दोन्हीकडे सारतात. मूत्राशय हलकेच खाली सरकवतात आणि मग गर्भपिशवीच्या खालच्या पातळ भागावर छेद घेतात. 'दुखलं नाही, पण कुणी तरी पोटात हात घालून पिशवीतलं सामान हुडकतंय असं वाटलं,' हे कन्येचे शब्द. ओढ जाणवते, दाब जाणवतो, मूल काढताना एक जण वरून पोट दाबतो तेव्हा क्षणभर दम कोंडतो. पाणी ओढून घेणाऱ्या यंत्राचा गळगळ आवाज येतो. आणि छेद घेतल्यापासून पाच-दहा मिनिटांत मूल बाहेर! आमचा नातू ढुंगणाकडून आला. पायाळू तो असा.

खरा वेळ पुढे लागतो. नाळ कापणे, वार काढणे, पिशवी आकसावी म्हणून औषध देणे आणि मग एकेक थर शिवत वर येणे. सगळे मिळून पाऊण तास ते तास. बाहेर बसलेल्यांना मूल दाखवून आत नेतात आणि बाई बाहेर येत नाही, तेव्हा त्यांच्या पोटात गोळा येतो. तो हा शिलाईचा वेळ असतो.

या शिलाईला इतिहास आहे. 1882 साली माक्स झेंगर या जर्मन डॉक्टरने गर्भपिशवी टाके घालून नीट शिवण्याची पद्धत मांडली. त्याआधी पिशवी तशीच सोडून देत आणि रक्त जाऊन वा जंतू होऊन बहुतेक बाया दगावत. रोमच्या ज्यूलियस सीझरवरून नाव पडले असे सांगतात, परंतु त्याची आई पुढे बरीच वर्षे हयात होती, म्हणजे ती कथा काही खरी दिसत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. सिझरमध्ये गर्भपिशवी काढत नाहीत. ती शिवून जागेवर ठेवतात. पिशवी काढणे हे वेगळे ऑपरेशन. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचा बोभाटा झाला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ते प्रकरण त्या ऑपरेशनचे. दोन्हींची गल्लत करून आपल्या टोळ्यांतल्या बाया दवाखान्याचे नावच काढू देत नाहीत.

पहाटे दादरला उतरून आम्ही थेट दवाखाना गाठला. पुरुषांना वॉर्डात सोडत नव्हते. आमची मंडळी आत गेली आणि आम्ही जावईबापूंबरोबर बाहेर फिरत राहिलो. सभासद बंधूंनो, तो सगळा भागच बाळंतपणाच्या इतिहासाचा आहे. केईएम रुग्णालय आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, दोन्ही परळात, दोन्ही 1926 सालची. वाडिया कुटुंब गिरणीमालक. नायगावची स्प्रिंग मिल त्यांच्याच बॉम्बे डाईंगची. गिरणीत काम करणाऱ्या कुटुंबांतल्या बायांसाठी ते प्रसूतिगृह निघाले. 1928 साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा मिळावी असे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले, आणि 1929 साली तो कायदा झाला. आज तिथे गिरणीच्या जागी टॉवर उभे आहेत. व्याह्यांनी बोट करून दाखवले, की आमचे वडील या दारातून आत जायचे. आता तिथे दार नाही.

आम्हाला मात्र त्या वेळी आपल्या फडातले एक दृश्य आठवले. काही वर्षांपूर्वी एका गटात तोडणी चालू असताना एक बाई मोळी डोक्यावरून उतरवून सरीत बसली. दिवस भरलेले. एक कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी, आणि खाडा केला तर मुकादमाच्या वहीत उचलीवर आकडा चढतो, म्हणून ती शेवटच्या दिवसापर्यंत वाकत होती. कळा सुरू होऊन रात्र आणि अर्धा दिवस झाला होता, हे कुणी कुणाला सांगितले नव्हते. मूल आडवे. गाडी येईपर्यंत, दवाखाना गाठेपर्यंत सिझर झाले. बाई वाचली, मूल राहिले नाही. आम्ही त्या दिवशी वाहने रिकामी उभी राहिली म्हणून मुकादमावर ओरडलो होतो. खरे कारण आम्हाला संध्याकाळी कळले. 1929 साली गिरणीतल्या बाईला जी रजा कायद्याने मिळाली, ती आपल्या फडातल्या बाईला अजून मिळालेली नाही.

सभासदांनी निदान इतके करावे. फडात टोळी उतरली की त्यात गरोदर बाया किती आणि कितवा महिना, हे विचारून आशाताईंना कळवावे. 108 ची गाडी महाराष्ट्रात 2014 पासून आहे, फोन फुकट लागतो. शासकीय दवाखान्यात 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण मोफत आहे, त्यात सिझर, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण सगळे आले. जिल्हा कुठलाही असो, 'तुमचा पत्ता इथला नाही' असे कुणी म्हणाले तर आमच्याकडे यावे.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. सिझर फार होतात, ही तक्रार खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019-21 साली महाराष्ट्रात शंभर बाळंतपणांमागे पंचवीस सिझर आढळली. देशभरात सरकारी दवाखान्यांत शंभरात चौदा आणि खासगीत सत्तेचाळीस. एवढा फरक बायांच्या शरीरात असेल असे आम्हाला वाटत नाही. आणि हल्ली नवे खूळ निघाले आहे, भटजींना विचारून मुहूर्तावर सिझर! मूल पिकण्याआधी काढायचे म्हणजे अपक्व ऊस गाळपाला आणण्यासारखेच, उतारा कुठून मिळणार? म्हणून डॉक्टरांना कारण विचारावे. मूल आडवे किंवा पायाकडून आहे, वार तोंडाशी आली आहे, मुलाचे ठोके उतरताहेत, रक्तदाब आवरत नाही, कळा येऊनही वाट पुढे सरकत नाही, यापैकी काय, ते स्पष्ट विचारावे. विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. पण ठोके उतरत असताना विचारायला बाप आठ तासांवरून येणार, हे चालणार नाही.

आता नंतरचे. आमचे निम्मे शिकणे इथे झाले.

भूल उतरायला काही तास लागतात, तोवर पाय आपले नसतात. कन्या म्हणाली, 'दुसऱ्याचे पाय माझ्या खाटेवर ठेवल्यासारखे.' भूल उतरली की दुखते आणि चांगलेच दुखते. दुखणे कमी करायचे औषध मागून घ्यावे. सोसण्यात पुण्य नाही, उलट दुखत असले की बाई हलत नाही. आणि हलायला तर हवे! चोवीस तासांच्या आत सिस्टरबाईंनी तिला खाटेवरून उठवले. विहीणबाई कळवळल्या, आमची मंडळी भांडायला उठली. पण पडून राहिल्याने पोटरीच्या शिरांत रक्ताची गाठ होते आणि ती फुप्फुसात गेली तर दगा देते. म्हणून उठवतात. उठताना कुशीवर वळायचे, हाताच्या रेट्याने बसायचे, खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. पहिला वारा सरेपर्यंत पोट फुगते. वारा सरला म्हणून बायकांच्या वॉर्डात पेढे वाटावेत इतका आनंद होतो, असे आमची मंडळी सांगते.

मुलाला तासाभरात आईच्या अंगाला लावले. सिझरवालीला दूध येत नाही, हा समज चूक. चीक आधी येतो, थेंब थेंब येतो, तेवढाच त्याला लागतो. मातोश्रींनी गावाहून आमच्या पिशवीत गुळाचे पाणी द्यायला म्हणून ढेप आणि मधाची बाटली घातली होती. डॉक्टरीणबाईंनी दोन्हीला हात जोडले. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. साखर कारखान्याच्या नोकराने गोडाविरुद्ध लिहावे हे चमत्कारिक आहे, पण लिहितो. ढेप शेवटी चाळीच्या मंडळाच्या पोरांनी चहात संपवली. त्याच पोरांपैकी दोघे रात्री रक्त द्यायला उभे होते, ढेपेवर त्यांचाच हक्क.

पाचव्या दिवशी घरी सोडले. तीन जिने सावकाश, एकेक पायरी, थांबत. सहा आठवडे मुलापेक्षा जड काही उचलायचे नाही. कळशी नाही, बादली नाही. संडास गॅलरीच्या टोकाला आणि पाणी सकाळी, तेव्हा जावईबापू आता बादल्या भरतात आणि अख्खा माळा बघतो. भाताने टाके पिकतात, डाळीने पू होतो, असले काही नाही. सगळे खावे, पाणी भरपूर प्यावे. जखम कोरडी ठेवावी, पोटावर शेक-शेगडी नको. रक्तस्राव हळूहळू कमी होत पाच-सहा आठवड्यांपर्यंत चालतो. मात्र तासाला घडी भिजू लागली, ताप आला, जखम लाल होऊन पाझरू लागली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा डोके सहन होईना, तर सकाळची वाट पाहू नये.

पुढचे मूल दीड-दोन वर्षांच्या आत नको. शिवलेल्या पिशवीला भरून यायला अवधी हवा. एकदा सिझर म्हणजे कायम सिझर असेही नाही. छेद आडवा व खालचा असेल आणि कारण पुन्हा आले नाही, तर मोठ्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, पुढचे बाळंतपण नेहमीच्या वाटेने होऊ शकते. पण ते ठरवायला आधीचा कागद लागतो. सिझर का केले, छेद कसा होता, रक्त दिले का, हे सगळे डिस्चार्ज कार्डावर असते. आमच्या गटातल्या तीन घरांत विचारले, तिन्ही घरांत ते कार्ड हरवलेले. एका घरी सन 1987 ची साखरेची पावती मात्र जपून ठेवलेली निघाली. कन्येचे कार्ड आम्ही प्लास्टिकमध्ये घालून घेतले, मूळ तिच्याकडे आणि एक प्रत आमच्याकडे, सातबाराच्या फाईलीत.

नातवाचे वजन दोन किलो सातशे. बारशाला मातोश्री मुंबईस जाऊन आल्या. नातीच्या सासूने टाका दाखवला, तो इतका खाली आणि बारीक की त्यांना आधी दिसेना. मग चष्मा लावून पाहिला. काही बोलल्या नाहीत. परतीच्या गाडीत एवढेच विचारले, की आपल्या त्या सुईणीला हे येत असते तर आमच्या थोरल्या जाऊबाई राहिल्या असत्या का. आम्ही म्हणालो, राहिल्या असत्या. त्यांची कंबर सध्या धरली आहे, आणि नातू लाथ मारण्याजोगा केव्हा होईल याची चौकशी त्या दर रविवारी फोनवर करतात.